कर्क्युमिनचे प्रकरण: बशीत भरपूर, रक्तात नाममात्र

हळदीचे चार गुण स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक असतात. ती पाण्यात विरघळत नाही. कपभर कोमट पाण्यात चिमूटभर हळद ढवळली तर पाणी पिवळे दिसते खरे, पण थोड्या वेळाने पाहावे तो तळाशी गाळ बसलेला असतो. ती ज्याला लागेल त्याला चिकटते, मग ते बोट असो, ओटा असो की पांढरा सदरा. सदऱ्यावरच्या डागाला साबण लागला की तो पिवळ्याचा तांबडा होतो, आणि तोच सदरा दिवसभर कडक उन्हात वाळत घातला की डाग आपोआप फिका पडतो. हे चारही गुण मुख्यतः हळदीतल्या कर्क्युमिन या पिवळ्या द्रव्याचे आहेत. पुढे जे प्रकरण मांडले आहे, त्यातली बहुतेक गुंतागुंत या चार गुणांतूनच निर्माण झाली. घरात ज्यांचा त्रास रोज होतो ते गुण प्रयोगशाळेत मात्र वर्षानुवर्षे दुर्लक्षिले गेले, हे मला या प्रकरणातले सर्वांत नवलाचे वाटते.

फोगेल आणि पेल्तिए यांनी 1815 मध्ये हळदीतले हे रंगद्रव्य वेगळे काढले आणि 1910 मध्ये त्याची रासायनिक रचना निश्चित झाली. कर्क्युमिनचा औषध म्हणून अभ्यास मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस वाढला. दाह, कर्करोग, मधुमेह, स्मृतिभ्रंश, सांधेदुखी अशा एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या विकारांवर ते गुणकारी ठरेल असे सुचवणारे निबंध हजारोंच्या संख्येने प्रसिद्ध झाले. एकच रेणू जेव्हा समोर ठेवलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रथिनावर परिणाम करताना दिसतो, तेव्हा तो रेणू असामान्य आहे असे मानता येते किंवा चाचणीतच कुठेतरी खोट आहे अशी शंका घेता येते. रसायनशास्त्रज्ञांपैकी काहींनी दुसरी वाट धरली.

चाचणीसाठी ‘हळद’ म्हणून नेमके काय घेतले जाते, येथपासूनच घोळ सुरू होतो. शेतातून काढलेले ओले कंद शिजवून, वाळवून आणि पॉलिश करून बाजारात येणारे हळकुंड, त्याची दळलेली पूड, त्या पुडीतून अ‍ॅसिटोन किंवा अल्कोहोलसारख्या द्रावकाने काढलेला अर्क आणि त्या अर्कातून शुद्ध केलेले कर्क्युमिन या चार वेगवेगळ्या वस्तू आहेत. साध्या हळदपुडीत कर्क्युमिनचे प्रमाण वजनाच्या सुमारे 3 टक्के असते, आणि भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार पुडीत कर्क्युमिनवर्गीय द्रव्ये किमान 2 टक्के असावी लागतात. ‘95 टक्के’ असे लेबल लावून विकले जाणारे कर्क्युमिनसुद्धा एकजिनसी नसते. त्यात तीन सख्खी भावंडे असतात. साधारण तीन चतुर्थांश भाग मूळ कर्क्युमिनचा असतो आणि उरलेल्यात डिमिथॉक्सी आणि बिसडिमिथॉक्सी ही दोन रूपे असतात. त्यामुळे एखाद्या निबंधात ‘कर्क्युमिनचा परिणाम’ असे लिहिलेले असते, तेव्हा तो तिघांपैकी कोणाचा आणि बाटलीत प्रत्येकाचा वाटा किती, हे एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) तपासलेले नसेल तर सांगता येत नाही.

त्यात हळदीची किंमत डोळ्यांनी, म्हणजे रंगावरून ठरते, आणि ही सवय महागात पडू शकते. बांगलादेशात हळकुंडे अधिक पिवळी दिसावीत म्हणून त्यांना शिसेयुक्त लेड क्रोमेट चोळले जात असल्याचे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आणि ढाक्यातील संशोधकांनी 2019 मध्ये दाखवून दिले. तिथल्या सरकारने त्यानंतर कारवाई केली आणि बाजारातील अशा हळदीचे प्रमाण 2019 मधील 47 टक्क्यांवरून 2021 पर्यंत शून्यावर आले. भारतीय नियमांतही हळदीची लेड क्रोमेट चाचणी नकारात्मक यावी अशी स्वतंत्र अट आहे. हळदीचा शरीरावर काय परिणाम होतो हे विचारण्याआधी बाटलीत हळदच आहे ना, हे पाहावे लागते ते यामुळे.

आता मूळ चाचणीकडे वळू. वनस्पतीतल्या एखाद्या द्रव्याचा परिणाम तपासण्याची प्रयोगशाळेतली नेहमीची रीत अशी: प्लास्टिकच्या एका पट्टीवर 96 छोट्या वाट्या असतात. प्रत्येक वाटीत ज्या प्रथिनावर किंवा पेशींवर परिणाम पाहायचा ते घालतात, तपासायचे द्रव्य डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवून त्याचे थेंब सोडतात आणि प्रथिनाचे काम चालू आहे की थांबले हे प्रकाशाच्या साह्याने मोजतात. पुष्कळ चाचण्यांत वाटीवर एका रंगाचा प्रकाश टाकला की आतले सूचकद्रव्य दुसऱ्या रंगात चमकते, आणि ती चमक किती वाढली किंवा घटली यावरून निष्कर्ष निघतो.

कर्क्युमिन 425 नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर जांभळा प्रकाश भरपूर शोषते आणि स्वतः हिरवट पिवळे चमकते. याची खात्री घरीही करता येते. सर्जिकल स्पिरिटमध्ये थोडी हळद ढवळावी, गाळ बसू द्यावा आणि वरच्या पिवळ्या द्रावावर नोटा तपासण्याचा जांभळा टॉर्च अंधारात धरावा. द्राव पिवळा न दिसता हिरवा उजळून निघतो. वाटीत हेच घडते. सूचकद्रव्यासाठी टाकलेला प्रकाश कर्क्युमिन मधल्या मध्ये शोषून घेते, तेव्हा चमक कमी दिसते आणि यंत्र म्हणते की प्रथिनाचे काम थांबले. उलट कर्क्युमिनची स्वतःची चमक त्यात मिसळली, तर काम वाढल्याचा भास होतो. दोन्ही प्रसंगी प्रथिनाला कदाचित काहीच झालेले नसते.

रंगाचा अडसर दूर केला तरी दुसरी अडचण उरते. डीएमएसओमध्ये सुखेनैव विरघळलेले कर्क्युमिन वाटीतल्या पाण्यात पडले की त्याचे सूक्ष्म गोळे होतात, आणि प्रथिने त्या गोळ्यांच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात. चिकटलेले प्रथिन काम करत नाही, पण ही काही औषधाची क्रिया नव्हे. चिखलात रुतलेल्या बैलाला कोणी बांधून ठेवले आहे असे म्हणण्यासारखे ते आहे. यावर एक सोपी फेरतपासणी उपलब्ध आहे. वाटीत थोडे ट्रायटनसारखे डिटर्जंट घालून तीच चाचणी पुन्हा करायची. गोळे फुटले आणि परिणामही नाहीसा झाला, तर तो परिणाम गोळ्यांचा होता. कर्क्युमिनच्या रेणूत दोन जागा अशा आहेत, की प्रथिनांतल्या गंधकयुक्त भागांशी त्या कायमच्या जोडल्या जाऊ शकतात. शिवाय ते लोहासारखे धातू पकडून ठेवते आणि पेशींच्या पटलात शिरून त्याची ठेवण बिघडवते. पटल बिघडले की त्यात बसवलेली वेगवेगळी प्रथिने एकदम वेगळे वागू लागतात, आणि एकाच द्रव्याचा पाच-सहा ठिकाणी गुण आल्यासारखे दिसते.

उरला साबणाचा तांबडा डाग. साबण अल्कधर्मी असतो, आणि अल्कधर्मी द्रावणात कर्क्युमिन बदलते. शरीरातल्या द्रवांसारखे किंचित अल्कधर्मी, म्हणजे 7.2 पीएचचे द्रावण 37 अंश तापमानाला ठेवले, तर त्यातले सुमारे 90 टक्के कर्क्युमिन अर्ध्या तासात विघटित होते, असे 1997 मध्येच प्रसिद्ध झाले होते. रक्तद्रवाच्या सान्निध्यात ते जास्त टिकते, पण तेथेही आठ तासांत निम्मे जाते. पेशींवरचे प्रयोग बहुधा चोवीस ते बहात्तर तास चालतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी पेशींवर जो परिणाम मोजला जातो तो कर्क्युमिनचा, की त्याच्या तुकड्यांचा आणि त्यापासून बनलेल्या ऑक्सिडीकृत द्रव्यांचा, हा प्रश्न उभा राहतो. त्या तुकड्यांत व्हॅनिलीन म्हणजे आइस्क्रीमला वास देणारे द्रव्यही सापडते. प्रयोगाच्या टेबलावर उजेडात ठेवलेल्या बाटलीची गत उन्हात वाळत घातलेल्या सदऱ्याहून फार वेगळी नसते.

यातले काहीही एका कर्क्युमिनपुरते नव्हते. ऑस्ट्रेलियातील जोनाथन बेल आणि जॉर्जिना हॉलोवे यांनी 2010 मध्ये, जवळजवळ कोणत्याही चाचणीत खोटा होकार देणाऱ्या रेणूंच्या रचना शोधून त्यांची यादी प्रसिद्ध केली. अशा रेणूंना त्यांनी दिलेले ‘पेन्स’ हे लघुरूप इंग्रजीतल्या ‘वेदना’ या शब्दाशी मुद्दाम जुळवलेले होते. पुढे जानेवारी 2017 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातील कॅथरिन नेल्सन, मायकल वॉल्टर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’मध्ये कर्क्युमिनचा सविस्तर आढावा घेतला. कर्क्युमिन हे अस्थिर, चाचण्यांत ढवळाढवळ करणारे आणि रक्तात फारसे न पोहोचणारे द्रव्य असून, त्याच्यावर 120 हून अधिक चाचण्या माणसांवर होऊनही प्लासिबोशी (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीशी) दुहेरी अंध पद्धतीने (कोणाला काय दिले हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही कळू न देता) तुलना केलेली एकही चाचणी यशस्वी झालेली नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. हळद खाण्याबद्दल ते काही बोलत नव्हते. ज्या रेणूवर एवढा पैसा आणि एवढी वर्षे खर्च झाली त्याच्याबद्दल बोलत होते. वृत्तपत्रांनी मात्र ‘हळदीत काही दम नाही’ अशा थाटात ते छापले.

‘रक्तात न पोहोचणारे’ हा मुद्दा आकड्यांत मांडला की जास्त स्पष्ट होतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस केंद्रातील संशोधकांनी अल्झायमरच्या 36 रुग्णांवर केलेली चाचणी 2012 मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्णांना रोज 2 किंवा 4 ग्रॅम कर्क्युमिन किंवा प्लासिबो 24 आठवडे देण्यात आला. 4 ग्रॅम कर्क्युमिन म्हणजे 3 टक्क्यांच्या हिशेबाने 130 ग्रॅमहून अधिक हळद. चहाचा एक चमचा हळद 3 ग्रॅमची धरली, तर चाळीसहून अधिक चमचे. इतके देऊनही रक्तात मूळ रूपातले कर्क्युमिन जास्तीत जास्त 7.32 नॅनोग्रॅम प्रतिमिलिलिटर आढळले, आणि स्मृतीत फरक दिसला नाही. कर्क्युमिनचे रेणुभार 368 आहे, त्यावरून हे प्रमाण सुमारे 0.02 मायक्रोमोलर (द्रावणात रेणू किती आहेत हे सांगणारे एकक) निघते. पेशींवरच्या प्रयोगांत कर्क्युमिन सर्रास 10 ते 50 मायक्रोमोलर वापरले जाते. बशीतले, म्हणजे प्रयोगशाळेतल्या वाटीतले, प्रमाण रक्तातल्या प्रमाणाच्या पाचशे ते अडीच हजार पट झाले. तैवानमधील एका जुन्या चाचणीत रोज 8 ग्रॅम घेणाऱ्यांच्या रक्तात 1.77 मायक्रोमोलरपर्यंत कर्क्युमिन मिळाले होते, परंतु तो बराच वरचा आकडा धरला तरी बशीची बरोबरी होत नाही. गिळलेले बहुतेक कर्क्युमिन आतड्यातून तसेच बाहेर पडते, आणि जे शोषले जाते त्याला आतड्याचे अस्तर आणि यकृत ग्लुकुरोनाइड व सल्फेट हे रासायनिक गट जोडून लगेच निकालात काढतात. ‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण उतावळ्या माणसासाठी आहे, पण पिणे आणि होणे यांच्या मधला टप्पा तिच्यात जसा गाळलेला आहे तसाच तो बऱ्याच निबंधांतही गाळलेला होता.

हा टप्पा ओलांडण्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयत्न बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात झाला. तिथल्या संशोधकांनी 1998 मध्ये निरोगी माणसांना 2 ग्रॅम कर्क्युमिन आणि त्यासोबत काळ्या मिरीतले 20 मिलिग्रॅम पायपेरिन दिले, तेव्हा कर्क्युमिनची उपलब्धता 2000 टक्क्यांनी वाढली. हा आकडा आज बाजारातल्या अनेक बाटल्यांच्या जाहिरातीत दिसतो. त्याच निबंधात असेही आहे की, नुसते कर्क्युमिन दिल्यावर रक्तातले प्रमाण मोजता न येण्याइतके किंवा अत्यल्प होते. जवळजवळ शून्याची वीसपट वाढ किती, हे जाहिरातीत येत नाही. पायपेरिन हे काम कसे करते हेही ध्यानात ठेवायला हवे: यकृताची आणि आतड्याची ग्लुकुरोनाइड जोडण्याची यंत्रणा ते मंद करते. ती यंत्रणा एकट्या कर्क्युमिनसाठी नसते. इतर अनेक औषधेही तिच्याच हवाली असतात.

मिनेसोटाच्या निष्कर्षातला ‘एकही नाही’ हा शब्द मात्र मला अतिरेकी वाटतो. कर्क्युमिन रक्तात पोहोचत नसेल, तर ते आतड्यातच मोठ्या प्रमाणात राहते, आणि आतड्याच्याच विकारात त्याचा उपयोग होतो का, हे तपासणे अधिक सयुक्तिक ठरते. मोठ्या आतड्याला व्रण पडणाऱ्या अल्सरेटिव्ह कोलायटिसवर तशा चाचण्या झाल्या आहेत. जपानमध्ये 89 रुग्णांना नेहमीच्या औषधासोबत रोज 2 ग्रॅम कर्क्युमिन किंवा प्लासिबो दिला गेला. त्याचे निकाल 2006 मध्ये आले. सहा महिन्यांत कर्क्युमिन गटातल्या 43 पैकी 2 जणांचा आणि प्लासिबो गटातल्या 39 पैकी 8 जणांचा विकार पुन्हा उफाळला. इस्रायलमधून 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 50 रुग्णांना मेसालामाइन या नेहमीच्या औषधासोबत रोज 3 ग्रॅम कर्क्युमिन किंवा प्लासिबो देण्यात आला, आणि चार आठवड्यांनी कर्क्युमिन गटातील 26 पैकी 14 जणांना आराम पडला, प्लासिबो गटात मात्र एकालाही नाही. दिल्लीच्या एम्समध्ये 62 रुग्णांवर रोज 450 मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेने हाच प्रयोग झाला, तेव्हा काहीच फायदा दिसला नाही. तीनही चाचण्या लहान आहेत, परंतु त्या एकत्र ठेवल्या की चित्र जुळते: द्रव्य जिथे प्रत्यक्ष पोहोचते तिथे, आणि पुरेशा मात्रेत पोहोचते तेव्हा, काहीतरी घडत असावे. थायलंडमधील 2023 च्या चाचणीत अपचनाच्या तक्रारीवर कर्क्युमिन आणि आम्लपित्तावरचे औषध ओमेप्राझोल सारखेच उपयोगी ठरले, अशी बातमी आपल्याकडेही फिरली. त्या चाचणीत प्लासिबोचा गटच नव्हता, आणि अपचनाच्या रुग्णांना नुसत्या प्लासिबोनेही बरेच बरे वाटते, हे बातमीत नव्हते.

सांधेदुखीचे उत्तर अर्धवट आहे. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया येथे गुडघेदुखीच्या 70 रुग्णांवर बारा आठवडे हळदीच्या अर्काची प्लासिबोशी तुलना केली गेली. 2020 मध्ये आलेल्या निकालात वेदना 100 मिलिमीटरच्या मोजपट्टीवर प्लासिबोपेक्षा सुमारे 9 मिलिमीटरने अधिक घटली, परंतु एमआरआयमध्ये दिसणारी सांध्यातली सूज घटली नाही. इथे वापरलेला पदार्थ शुद्ध कर्क्युमिन नव्हता, अर्क होता. म्हणून हे यश कोणाच्या खात्यावर लिहायचे, हा प्रश्न पुन्हा बाटलीतल्या घटकांपाशी येऊन थांबतो.

एवढ्या शंका जागोजाग असताना निबंधांचा ओघ कसा चालू राहिला? एक कारण अप्रिय आहे. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातील भरत अग्रवाल हे कर्क्युमिनवरच्या सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या संशोधकांपैकी एक होते. त्यांच्या निबंधांतील चित्रांविषयी प्रश्न उपस्थित झाल्यानंतर नियतकालिकांनी त्यांचे पंचवीसहून अधिक निबंध मागे घेतले. त्यांतले सात ‘कॅन्सर रिसर्च’ने 2018 मध्ये एकाच वेळी मागे घेतले. पण मागे घेतलेल्या निबंधावर आधारलेले निबंध मागे घेतले जात नाहीत, ते साखळीत तसेच राहतात. दुसरे कारण आपल्या मनाशी जोडलेले आहे. जखमेवर हळद लावण्याच्या उपायासाठी मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला 1995 मध्ये मिळालेले अमेरिकी पेटंट, मूळ गोव्यातल्या माशेल गावचे डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या केंद्रीय संशोधन परिषदेने आव्हान देऊन 1997 मध्ये रद्द करवले. त्यासाठी 32 जुने दाखले सादर झाले होते. तो विजय रास्तच होता, पण त्यात सिद्ध झाले ते इतकेच, की हा उपयोग नवा नाही. तो उपाय किती गुणकारी आहे याची परीक्षा पेटंट कार्यालयाने केली नव्हती, आणि आपण मात्र पुढे दोन्ही गोष्टी एकच धरून चाललो.

प्रकरणाचा शेवटचा भाग यकृताचा आहे. इटलीत 2019 मध्ये कर्क्युमिनच्या पूरक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये काविळीसह यकृतदाहाचे सुमारे वीस रुग्ण आढळले. गोळ्यांत भेसळ किंवा बाहेरचे विष सापडले नाही, आणि तिथल्या आरोग्य मंत्रालयाने वेष्टनावर इशारा छापणे बंधनकारक केले. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या रुग्णालयांच्या जाळ्याने 2022 मध्ये असे दहा रुग्ण नोंदवले. त्यांपैकी पाच जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि एक दगावला. दहापैकी सात जणांत एचएलए-बी*35:01 ही जनुकीय खूण होती, जी यकृताच्या अशा इजेशी इतर काही वनस्पतिजन्य पदार्थांच्या बाबतीतही जोडलेली आढळते. त्या रुग्णांच्या सात बाटल्या प्रयोगशाळेत तपासल्या, तेव्हा सातही बाटल्यांत हळद खरीच होती, आणि तीन बाटल्यांत ती रक्तात जास्त पोहोचावी म्हणून घातलेले पायपेरिनही होते.